माइस्टरांच्या गाड्या आणि बाबांचा कान

जर्मनीत ब्राउनश्वाइगला पीएचडी करताना माझ्याकडे धड सायकलही नव्हती, पण दर शनिवारी मी आठ सिलिंडरची जुनी अमेरिकन गाडी चालवायचे. गाडी अर्थात उसनी. आमच्या इन्स्टिट्यूटच्या वर्कशॉपचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं माइस्टर म्हणत, त्यांच्या गावातल्या कोठारात अशा दोन गाड्या होत्या. एक हिरवी, एक काळी. कमरेच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्यांना सहा महिने गाडी चालवायला मनाई केली होती. उभ्या गाड्या खराब होतात, म्हणून त्यांनी मला निवडलं. का, तर म्हणाले, "तू पाना घेतलास की परत जागेवर ठेवतेस." माझ्या ड्रायव्हिंगची त्यांनी चौकशी केली नाही. करायला हवी होती.

जर्मन लायसन्स मी नुकतंच, दुसऱ्या प्रयत्नात मिळवलं होतं. माझी उंची पाच फूट. पाठीमागे दोन उशा लावल्या तेव्हा कुठे पाय क्लचला पोचला, आणि तो दाबताना मी जवळजवळ उभीच राहायचे. माइस्टर शेजारी काठी धरून बसत. पहिल्याच दिवशी बेकरीसमोरच्या सिग्नलला गाडी तीनदा बंद पडली. बेकरीतल्या बायका पाव घ्यायचं सोडून बघत राहिल्या. माइस्टर शांतपणे म्हणाले, "आल्झो," म्हणजे चला तर मग, "पुन्हा." पुढचा महिनाभर ते जवळपास एवढंच बोलले.

उन्हाळ्यात आई-बाबा आले. बाबांनी औरंगाबादच्या बस डेपोत उभा जन्म इंजिनं दुरुस्त करण्यात घालवला होता. फोनवर, कॉलिंग कार्ड संपत आलेलं असताना, "माझ्याकडे गाडी असते," असं मी जरा मोठेपणानं सांगून ठेवलं होतं. माइस्टरांच्या परवानगीनं हिरवी गाडी घेऊन मी हॅनोव्हर विमानतळावर गेले. ती बघून बाबांचा चेहरा पडला.

"ही आमच्या लग्नाच्याही आधीची दिसते."

"बाबा, इथे अशा गाड्यांना फार मान असतो."

"असेल," बाबा म्हणाले. नातेवाइकांच्या मुलांच्या मार्कांबद्दलही ते याच सुरात बोलतात.

हायवेवर दहा मिनिटं ते इंजिनाकडे कान लावून बसले. मग म्हणाले, "मिसिंग आहे. एक सिलिंडर काम करत नाहीये."

संध्याकाळी गाडी परत करायला आम्ही तिघं माइस्टरांकडे गेलो. मी भीत भीत बाबांचं म्हणणं सांगितलं. माइस्टर म्हणाले, ती पहिल्यापासून अशीच वाजते.

"त्यांना सांग, वाजणं वेगळं आणि खोकणं वेगळं," बाबा म्हणाले.

मी जर्मनमध्ये सांगितलं, बाबांना गाडी फार आवडली. पण बाबांना माझ्या भाषांतराचा संशय आला असावा. त्यांनी स्वतःच्या कानाकडे बोट दाखवलं, मग बॉनेटकडे. माइस्टरांनी नाइलाजानं बॉनेट उघडून एकेक प्लग काढला. सहावा काजळीनं काळाकुट्ट निघाला. त्यांनी तो बराच वेळ निरखला आणि म्हणाले, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर. मग मला विचारलं, "पुढच्या शनिवारी वडील मोकळे आहेत का?"

त्यानंतरचे सगळे शनिवार बाबा कोठारातच होते. मला दुभाषी म्हणून नेत, पण दोघं माझ्याकडे बघतही नसत.

"अहो, आपण जर्मनी बघायला आलोय ना?" आईनं एकदा विचारलं.

"मग हे काय चाललंय?" बाबांनी गाडीकडे हात करून विचारलं.

"ही गाडी अमेरिकन आहे," आई म्हणाली.

निघायच्या आधीच्या शनिवारी माइस्टरांनी काळ्या गाडीची किल्ली बाबांच्या हातात ठेवली आणि कोठारापुढच्या अंगणाकडे हात केला. डेपोच्या आवारात बसगाड्या मागेपुढे करण्यापलीकडे बाबा कधी काही चालवत नसत. आई पर्स मांडीवर घट्ट धरून शेजारी बसली. "हळू घ्या हो," ती म्हणाली, तेव्हा गाडी माणसाच्या चालीनं चालली होती. एकदाही बंद न पडता तिनं अंगणाच्या पाच फेऱ्या मारल्या. बाबा मान ताठ ठेवून समोर बघत होते. इतके खूश मी त्यांना माझ्या निकालाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

माइस्टर माझ्या शेजारी बाकावर बसले होते. "तुझे वडील छान चालवतात," ते म्हणाले. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "मग तू कुणाकडून शिकलीस?"

हिवाळा लागायच्या आत त्यांची कंबर बरी झाली आणि मी किल्ल्या परत दिल्या. त्यांनी माझ्या उशाही ठेवून घेतल्या. म्हणाले, "शनिवारी लागतील."