गाण्यातला दहीभात

ते गाणं बोथच्या बाजारात लागलं की मी दुकानदाराला म्हणते, आधी ते बंद कर, मग माझ्या मिरच्या तोल.

आमच्याकडे कापसाच्या पहिल्या वेचणीला बांधावर दहीभात ठेवतात. त्याला सीतादही म्हणतात. कापूस भरभरून घरात यावा म्हणून हसतखेळत करायचं काम. एका वर्षी हैदराबादचा सिनेमावाला आमच्या शेतात आला. मला म्हणाला, बांगड्या काढा, मला फक्त तुमचे हात पाहिजेत. मी म्हटलं, "काऊन काढू? मालक तिकडं बैल सोडून राह्यले, दिसत नाई का?" मग त्यानं एक नटी उभी केली. तिनं बिनबांगड्यांच्या हातांनी आमचा दहीभात बांधावर ठेवला, मेलेल्या नवऱ्याच्या नावानं. आधी कुणाला विचारलं? कुणालाच नाही.

सिनेमाला बक्षिसं मिळाली. तो पाहून एका गायिकेचं काळीज म्हणे हललं, आणि तिनं त्यावर गाणं केलं. त्यात आमचं पांढरं शेत म्हणजे कफन, आमचा दहीभात म्हणजे मेलेल्याचा घास. गावातली पोरं मोबाईलवर ते ऐकून डोळे पुसतात. सिनेमावाल्यानं निदान शेत तरी पाहिलं होतं. या बाईनं नुसता सिनेमा पाहिला.

यंदा पहिल्या वेचणीला मी नव्या सुनेपुढं दहीभाताची वाटी धरली. तिनं हात मागं घेतला.

"आई, त्या गाण्यातला भात मी नाई ठेवत. तुमचा लेक जित्ता हाये."