किल्लीचं बोलायचं राहिलं
आमच्या प्रभागाच्या नगरसेवकानं परतवाड्याच्या बाजारातल्या बायांना फसवलं, आणि तो सौदा माझ्या हातून झाला. फिनाईलचा वास आला की माझं डोकं अजून तापतं. बाजारात मिरची विकणारी माझी बायको आणि तिच्या सोबतिणी दिवसभर पाण्याचा घोट घेत नसत, कारण जायला आडोसाच नव्हता. बायांच्या संडासासाठी मी निंबाखालची माझी बसायची जागा सोडली. मी बैलांचा दलाल. आम्ही दुपट्ट्याखाली बोटं धरून सौदा ठरवतो आणि ठरलेलं मोडत नाही. तसाच नगरसेवकाचा हात धरून मी नळ, दिवा, आतली कडी, सगळं कबूल करून घेतलं. उद्घाटनाला फरशीवर फिनाईल शिंपडलं, हार झाले, फोटो निघाले. पुढच्या बाजाराला दाराला कुलूप. मी तडक त्याच्या घरी गेलो. "भाऊ, कुलूप कावून लावलं?" बंगईवर झोका घेत तो म्हणाला, "बाया घाण करतात. मुंबईचे साहेब संडास पाहाले येऊन राहिले, तोवर राहू दे." "मंग बायाइनं कुठी जावं? तुमच्या अंगनात?" तो हसला. "तू तं एवढा पक्का दलाल बे, किल्लीचं तं बोललाच नाही." साहेब येऊन गेले, तो पुन्हा निवडून आला, कुलूप गंजलं. आज सकाळीही बायको पाणी न पिता, तांब्या कोरडाच ठेवून बाजाराला निघाली. ती किल्ली कुठं आहे, हे त्यानं आता मला नाही, त्या बायांसमोर उभं राहून सांगावं.