दौतीखालचे अर्ज

चुकीचं इंग्रजी ऐकलं की माझ्या दाढेखाली खडा येतो. ही खोड माहेरची. वडील पेणला इंग्रजीचे मास्तर. आमच्या घरी भात करपला तर चालायचा, पण कुणी 'कझिन ब्रदर' म्हटलेलं चालायचं नाही. "कझिन म्हटलं की भाऊ त्यात आला. चुलतभाऊ-भाऊ म्हणता का तुम्ही?" असं ते पाहुण्यांनाही विचारायचे. काही पाहुणे परत आलेच नाहीत. आता माझ्या दाढा गेल्या, खडा मात्र अजून येतो.

अशी मी, इंटर पास झालेली, लग्न होऊन पनवेलला पडले ती नेमकी अव्वल कारकुनाच्या घरात. मामंजी, म्हणजे माझे सासरे, पस्तीस वर्षं मामलेदार कचेरीत काढून निवृत्त झाले होते. इंग्रज जाऊन सात-आठ वर्षं झाली होती, पण कचेरीतलं इंग्रजी तो जाताना मामंजींच्या ताब्यात देऊन गेला होता. उठता-बसता त्यांना ते लागायचं. चहाचा कप परत न्यायचा असला की, "हा कप रिटर्न बॅक कर." अहो, रिटर्न म्हणजेच परत! मग बॅक कशाला? चर्चा करायची ती 'डिस्कस अबाउट'. आणि पाहुण्यांना सांगताना, "आय अ‍ॅम हॅविंग वन सन." जणू मुलगा पानात वाढून घेतलाय आणि जेवण चाललंय!

पण ह्या सगळ्यांवर कडी म्हणजे 'आय बेग टू स्टेट'. मामंजींचा एकही अर्ज त्याशिवाय सुरू व्हायचा नाही. मी सांगण्याची भीक मागतो. कशाला? सांगायचंय तर सांगा ना सरळ!

हे सगळं मी मनात म्हणायची हं. त्या काळी सून सासऱ्यांशी थेट बोलत नसे. तीन वर्षांत मी मामंजींशी बोललेली वाक्यं दोनच, "पान वाढलंय" आणि "चहा ठेवलाय". बाकी सगळा व्यवहार सासूबाईंमार्फत. आणि ह्यांचं म्हणाल, तर हे भातगिरणीत नोकरीला, वडिलांपुढे तोंड उघडायचं ते घास घ्यायला. माझ्या मनात एकच होतं, मला शाळेत शिकवायचं होतं. वडिलांचं पाहत मोठी झालेली मी. चुली फुंकत इंग्रजीचा खडा गिळत बसायला जन्मले नव्हते. पण हे बोलायचं कुणाशी?

मामंजींच्या ओटीवर सकाळपासून माणसं यायची. मिठागरांवरची, खाडीकाठच्या गावांतली. कुणाचा सात-बारा अडलेला, कुणाची विहीर. साहेबाला इंग्रजी अर्ज गेला तर काम लवकर होतं असा सगळ्यांचा समज, आणि तो समज मामंजींनीच पस्तीस वर्षं खतपाणी घालून वाढवलेला. पैसे घ्यायचे नाहीत. कुणी वालाच्या शेंगा आणायचं, कुणी खाडीतला जिताडा मासा. मामंजी अर्जाचा कच्चा खर्डा करायचे, दौतीखाली ठेवायचे, जेवायचे आणि आडवे व्हायचे. चार वाजता उठून, चहा घेऊन, पक्की प्रत. ह्या क्रमात भूकंपानंसुद्धा फरक पडला नसता.

एका दुपारी मी ओटीवरचा तांब्या न्यायला गेले आणि दौतीखालच्या खर्ड्यावर नजर पडली. पाच ओळींत सहा चुका! शेजारीच लाल पेन्सिल. माझा हात शिवशिवला. म्हटलं, एकच. एकच 'रिटर्न बॅक' खोडते आणि जाते. सहाही खोडल्या, वर शेवटच्या ओळीतला एक स्वल्पविराम हलवला, आणि तांब्या न घेताच आत पळाले.

चार वाजता मी माजघराच्या दाराआड. मामंजी उठले, चष्मा लावला, कागद उचलला.  मग त्यांनी निमूटपणे माझ्या दुरुस्त्यांसकट पक्की प्रत केली. फक्त एका ठिकाणी, मी खोडलेल्या 'बेग'खाली टिंबं टिंबं काढली आणि समासात लिहिलं, "राहू दे."

रात्री जेवताना त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. "तू दुपारी घरी आला होतास का रे?"

हे गडबडले. "हो. म्हणजे, आलो होतो. धोतर बदलायला."

"अर्ज बरा तपासलास."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी आमटीकडे. क्षणात ह्यांना उजेड पडला आणि चेहरा असा काही फुलला, की काय सांगू! "सहज नजर गेली," म्हणाले. बघा! आयत्या बिळावर नागोबा. वर आमटी मागून घेतली.

तेव्हापासून ते रोजचंच झालं. मामंजी झोपले की मी ओटीवर. त्यांची चूक, माझी रेघ. हळूहळू मला कळायला लागलं, की म्हातारा कमी नाही. एकदा खोडलेली चूक पुन्हा करायचा नाही, नवीन शोधून काढायचा. काही चुका तर इतक्या कल्पक असायच्या, की खोडताना मला वाईट वाटायचं. फक्त 'आय बेग टू स्टेट'वर आमची रोजची लढाई. मी खोडायची, ते टिंबं काढायचे. राहू दे. मी जोरात खोडायची. राहू दे. एकदा तर मी इतकं दाबून खोडलं, की कागद फाटला. पक्क्या प्रतीत पुन्हा ते हजर.

आणि एक दिवस हा विषय माझ्यासमोर चव्हाट्यावर आला. खाडीपलीकडचा एक शेतकरी आला होता. उधाणात त्याच्या गावचा बांध फुटून खारं पाणी भातात शिरलं होतं. मामंजींनी खर्डा वाचून दाखवला आणि प्रत्येक वाक्याचं मराठी करून सांगितलं. पहिल्याच वाक्याला तो अडला.

"भीक? भीक कसाला मागाची? आमी भीक नाय मागत. बांध सरकारचा हाय, फुटलाय, तं सरकारनी बांधाचा."

मी आतून मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. हातात लाटणं होतं, नाहीतर खरंच वाजवल्या असत्या.

"अरे, मागायला आपलं काय जातं?" मामंजी म्हणाले. "साहेबाला वाचायला गोड वाटतं. मी जन्मभर हेच लिहीत आलो."

"मंग तुमीच मागा," तो म्हणाला आणि तंबाखू मळत अंगणात जाऊन बसला.

मामंजींनी टाक पुसून ठेवला. मग त्यांनी तो खर्डा तसाच दौतीखाली सरकवला. त्या दुपारी मी 'बेग' खोडलं ते मजेत नाही, रागानं. आणि पक्क्या प्रतीत तरीही ते होतंच. मला म्हाताऱ्याचा इतका संताप आला, की संध्याकाळचा चहा मी बिनसाखरेचा पाठवला. मामंजींनी तो कप तळापर्यंत संपवला.

एप्रिल सरता सरता गावात बातमी आली, की शाळेत मुलींच्या वर्गांना इंग्रजी शिकवायला बाई हव्यात. अर्ज इंग्रजीत, स्वतःच्या अक्षरात, मेअखेरपर्यंत. मी त्याच रात्री ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "मला काहीच अडचण नाही. बाबांना विचार."

"मी कशी विचारू? तुम्ही विचारा!"

"मी? बरं. बघतो." ह्यांनी पंधरा दिवस वाट पाहिली. शेवटी मी सासूबाईंचे पाय चेपता चेपता विषय काढला. त्यांनी मामंजींना विचारलं. मी दाराआड.

"बघू," मामंजी म्हणाले.

आमच्या घरात 'बघू' म्हणजे काय ते मांजरालाही ठाऊक होतं. मागल्या वर्षी रेडिओबद्दल 'बघू' झालं होतं, त्याआधी नळाबद्दल. मी मोरीत जाऊन भांडी घासत रडले, आणि भांडी इतकी लख्ख निघाली, की सासूबाईंनी शेजारणीला दाखवली.

मेचे पाच दिवस उरले. मी रोज कॅलेंडर पाहायची आणि रोज दुपारी दौतीखालचे खर्डे सुधारायची. दुसऱ्यांचे अर्ज. विहिरीचे, बांधाचे, वारसाचे. सगळ्या गावाला अर्ज करता येतो, मी सोडून.

तशात त्या दुपारी खर्डा उचलला आणि पहिलीच ओळ मी दोनदा वाचली. 'शाळेतील इंग्रजीच्या शिक्षिकेच्या जागेबद्दलच्या आपल्या जाहिरातीस अनुसरून.' म्हणजे दुसरी कुणीतरी अर्ज करत होती! माझ्याच जागेसाठी! आणि माझ्याच सासऱ्यांनी तिला तो लिहून दिला होता! मला 'बघू' आणि तिला खर्डा?

मी खरं सांगते, माझ्या मनात पाप आलं. खर्ड्यात चुकांचा नुसता पाऊस होता, मी कधीच्या खोडून टाकलेल्यासुद्धा परत आल्या होत्या. 'आय अ‍ॅम हॅविंग पास्ड.' 'डिस्कस अबाउट.' एक ढळढळीत 'कझिन ब्रदर'ही होता. शिक्षिकेच्या अर्जात भावाचं काम काय, ते देव जाणे. म्हटलं, राहू दे. एकही खोडू नये. जाऊ दे असाच हा अर्ज हेडमास्तरांकडे, म्हणजे हिला दारातूनच परत पाठवतील. इंग्रजीची बाई म्हणे! मी पेन्सिल खाली ठेवली. दोन पावलं गेले. दाढेखालचा खडा काही जाईना. जित्याची खोड हो, दुसरं काय! परत फिरले, मांडी घातली, आणि डोळ्यांतलं पाणी पदरानं पुसत त्या सटवीचा अर्ज ओळीनं सुधारायला घेतला.

सगळं खोडून झालं. शेवटी नेहमीची लढाई म्हणून 'आय बेग टू स्टेट' शोधलं, तर सापडेना. वरून खाली पाहिलं, खालून वर पाहिलं. नाहीच. जिथे ते असायचं तिथे सरळ लिहिलं होतं, "मी ह्या जागेसाठी अर्ज करीत आहे." तीन वर्षांत मामंजींच्या खर्ड्यात प्रथमच भीक नव्हती. ही कोण एवढी महाराणी, म्हणून मी तळाशी सहीची जागा पाहिली.

तिथे माझं नाव होतं. माझं, ह्यांचं आणि मग आडनाव, पूर्ण. लग्नात बदललेलं ते नाव इंग्रजीत लिहिलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. स्पेलिंग अगदी बरोबर होतं.

 मान वर केली, तर सासूबाई मागे येऊन उभ्या होत्या.

"आता कळलं का?" त्या म्हणाल्या. "अगं, रोज जेवून उठले की चाकूनं त्या लाल पेन्सिलीला टोक काढतात आणि मगच आडवे होतात. त्यांना कधी लाल पेन्सिलीनं लिहिताना पाहिलंयस? मग टोक कुणासाठी, त्यांच्या आजीसाठी?"

"पण ते तर ह्यांना..."

"माझ्या मुलाला इंग्रजीत किती मार्क पडायचे ते मला आणि त्यांना दोघांनाही ठाऊक आहे. पहिल्या दिवसापासून माहीत होतं त्यांना. पोरगी किती पाण्यात आहे ते बघू, म्हणाले होते."

बघू! तीन वर्षं मी त्या शब्दाचा अर्थ चुकीचा लावत होते, आणि मी म्हणे दुसऱ्यांच्या चुका काढणारी.

चार वाजता मामंजी उठले. मी स्वतः चहा घेऊन ओटीवर गेले. नेहमी कप ठेवून मागे फिरायची ती फिरले नाही. त्यांनी चष्मा लावला, लाल रेघांनी भरलेला कागद पाहिला आणि मिशीत हसले.

"काही राहिलं का त्यात?" त्यांनी विचारलं. मलाच. थेट.

खोड ती खोड. "मामंजी, ते 'बेग टू स्टेट' राहिलंय."

"ते राहू दे," मामंजी म्हणाले. "मी पस्तीस वर्षं मागितली, तेवढी घराला पुरे. तू कशाला मागतेस?"

मला रडू फुटलं. सासऱ्यांसमोर, भर ओटीवर, डोक्यावरचा पदर घसरलेला. आत सासूबाई उगाचच भांडी वाजवायला लागल्या. मामंजी अवघडून अंगणाकडे बघत राहिले. रडणाऱ्या माणसाला काय लिहून द्यायचं ते कचेरीत शिकवत नसावेत. शेवटी त्यांनी कपाला बोट लावून पाहिलं.

"चहा गार झाला," ते म्हणाले. "हा कप रिटर्न बॅक कर, आणि पक्की प्रत करायला बस. तुझ्या अक्षरात."

मी कप रिटर्न बॅक केला.