दुकाळ्यांचं मूळ

काउंटरवर दोन्ही कोपरं टेकवून काका आधी डोळे मिटायचे. एसटीतून उतरून चालत आल्याचा दम तेवढ्यात ओसरायचा. मग डोळे न उघडताच म्हणायचे, “घाई न्हाई, मॅडम. घाई असती तर तीन पिढ्या थांबलो असतो का?”

मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका तहसीलमध्ये जुन्या कागदांच्या खोलीत कारकून आहे. आपल्या माणसांचा माग काढत दफ्तरं धुंडाळणारे लोक तुम्हीही पाहिले असतील. हे काका त्यातलेच. हट्टा गावाकडचे शेतकरी, वय सत्तरीच्या पुढे, आडनाव दुकाळे. त्यांना हवं होतं त्याच्या आधीचं आडनाव.

“आता या वयात कशाला?” मी एकदा विचारलं.

“पेरणीला पहिली मूठ गावात कुणाच्याबी हातून टाकतेत, माह्या हातून न्हाई. याच्या नावातच दुकाळ हाय म्हणतेत.” हसतच सांगितलं, आणि मग बराच वेळ चष्मा पुसत बसले.

आडनाव बदलायचा अर्ज त्यांनी भरूनच ठेवला होता. नव्या नावाची जागा तेवढी कोरी. “आमचा पणजा घोड्यावर बसून आला म्हणतेत. देशमुखबी निघू आमी, काय सांगावं?”

“घोड्याची नोंद आमच्याकडे नसते, काका.”

“मग माणसाची तरी सापडू द्या.”

निजामाच्या काळची रजिस्टरं उर्दूत. ती वाचायला एक निवृत्त उर्दू गुरुजी दर सोमवारी यायचे, म्हणून काकाही सोमवारीच. धूळ, शिंका, हाताळलं की तुटणारे कागद. दोन वर्षं असं चाललं. मला त्यांचा कंटाळा यायला लागला होता, हे कबूल करते. ते दारात दिसले की मी उगाच फायलीत डोकं घालायचे. ते बाकावर बसून राहायचे.

मग एका सोमवारी वारसांच्या रजिस्टरात त्यांच्या पणजोबांचं नाव निघालं. पणजोबांच्या नावे जमीन करून देणाऱ्या एका विधवेचा जबाब होता. गुरुजी एकेक ओळ मराठीत सांगत गेले.

“हे लेकरू दुकाळात ओढ्याकाठी सापडलं. आईबाप, गाव, कूळ, काही सांगता येत नव्हतं. गाव त्याला दुकाळ्या म्हणतं. मी त्याला भाकर दिली, वाढवलं. मला दुसरं कोणी नाही. माझं शेत त्याच्या नावे करावं.” खाली त्या बाईचा अंगठा होता.

घोडा नव्हता, देशमुखी नव्हती. ‘दुकाळ्या’च्या आधी दुसरं कुठलंच नाव नव्हतं. काका रजिस्टरातल्या त्या अक्षरांकडे बघत राहिले, जी त्यांना वाचता येत नव्हती.

“बाईचं नाव परत वाचा, गुरुजी.”

“सखूबाई.”

“आमच्या घरात हे नाव कुणी घेतलंच न्हाई कधी,” ते म्हणाले.

मला वाईट वाटलं. जबाबात बाईचं आडनावही होतं. मी म्हटलं, “काका, तेच लिहा की अर्जात. तिच्याच शेतावर तर तुम्ही वाढलात.”

त्यांनी पिशवीतून अर्ज काढला, उलगडला, पुन्हा घडी घातली.

“दुकाळात कुणी कुणाला भाकर देत न्हाई, मॅडम. तिनं दिली. दुकाळे पुसलं, तर तिनं काय केलं तेबी पुसून जाईल. ऱ्हाऊ द्या.”

जबाबाची नक्कल घेऊन ते गेले. त्यानंतरचे सोमवार मला रिकामे वाटले.

पितृपंधरवड्यात त्यांनी जेवायला बोलावलं, म्हणून मी गेले. काका खूप थकले होते. जिना चढताना सून हाताला धरत होती. त्याच हिवाळ्यात ते गेले. मुलाने फोनवर सांगितलं. मी अंत्यविधीला पोचू शकले नाही.

माझ्या डोळ्यांपुढे राहिलं आहे ते पितृपंधरवड्यातल्या त्या दुपारचं गच्चीवरचं दृश्य. कठड्यावर पितरांची पानं मांडलेली. काकांनी शेवटी एक वेगळं पान ठेवलं, त्यावर भाकरीही वाढली. कावळे बाकीच्या पानांना शिवले. या पानाकडे कुणी फिरकेना.

“बाबा, खाली चला, ऊन लागून राहिलंय,” मुलगा म्हणाला.

काका हलले नाहीत. कपाळावर हात धरून आभाळाकडे बघत होते.

“थांब जरा. एवढ्या वर्सांत तिला कुणी बोलावलंच न्हाई. घर सापडायला वेळ लागल तिला.” मग फाटक्या आवाजात त्यांनी हाक मारली, “ये गं, सखूमाय. जेवून जा.”