समोरच्या घरातली ‘नॉट नाऊ’

न्यूझीलंडमधल्या पोरिरुआत येऊन मधुकर खांबेट्यांना तीन आठवडे झाले, आणि या देशात कुठेतरी पाणी मुरतंय हे त्यांनी ओळखलं. रस्ते स्वच्छ होते, दूध चांगलं होतं, अनोळखी माणसं हसून हात हलवत होती. पण गाड्यांचे नंबर! सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये एका गाडीच्या पाटीवर ‘लेट अगेन’ होतं. अंडी विकणाऱ्याच्या व्हॅनवर नुसतंच ‘क्लक’. दाराला पोचा पडलेल्या एका गाडीवर ‘ऊप्स’. जिल्हा नाही, आकडा नाही, काही नाही. इथे पैसे भरले की सरकार हवी ती अक्षरं देतं, हे त्यांच्या मुलानं, श्रीनाथनं, दोनदा समजावून सांगितलं. मधुकररावांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि खिशातल्या छोट्या वहीत तिन्ही पाट्या टिपून ठेवल्या.

त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. चौतीस वर्षं पुण्याच्या आरटीओत काढलेला माणूस. पैकी पहिली पंधरा वर्षं ते सगळ्यांवर विश्वास ठेवायचे. मग एक गोडबोल्या गृहस्थ आला, काकांची मारुती नावावर करून घेतो म्हणाला, यांनी सही केली, आणि गाडी निघाली चोरीची. पाटी एका गाडीची, गाडी दुसरीच. अकरा महिने घरी बसावं लागलं. बायको शेजाऱ्यांना सांगायची, यांना कावीळ झालीय. पुन्हा कामावर गेले ते वेगळेच मधुकरराव होते. खिडकीसमोर कोणीही येऊन उभं राहिलं की आधी त्याच्याकडे दहा सेकंद नुसतं बघायचं. आणि कोणी नंबराची काही वेगळी मागणी केली, की एकच वाक्य ऐकवायचं: “नंबर गाडीचा असतो, माणसाचा नसतो.” हे वाक्य त्यांनी हजारो लोकांच्या तोंडावर मारलं होतं. नंबर त्यांच्या डोक्यात असे बसायचे की वीस वर्षांपूर्वीची फाईल विचारा, आकडे घडाघडा म्हणून दाखवत.

बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. पुण्याच्या फ्लॅटमध्ये टीव्हीशिवाय बोलणारं कोणी नव्हतं. म्हणून श्रीनाथनं त्यांना इकडे आणलं आणि कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज केला. अर्जात चारित्र्याचीही चौकशी होती. “आबा, कागद येईपर्यंत कशात पडू नका,” एवढंच तो म्हणाला होता. मधुकररावांनाही तो कागद हवा होता, अगदी जिवापाड हवा होता. आठ वर्षांची नात स्वरदा रोज शाळेतून आली की त्यांच्या मांडीवर दप्तर टाकायची. ते मराठीत विचारत, ती इंग्रजीत उत्तर देई, आणि दोघांचं छान चालायचं.

पण घर रस्त्यावर होतं आणि खिडकी समोरच्या घरावर उघडत होती. त्या घराच्या छपराखाली हिरवी यूट उभी असे. यूट म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी. तिच्या पाटीवर होतं ‘नॉट नाऊ’. आत्ता नाही! मग कधी? गाडी तीन आठवडे हलली नव्हती. घरात एक बाई दिसायची, सत्तरीची, आयरीन नावाची. मागे कपडे वाळत घातलेले असत, त्यात पुरुषाचे शर्ट असत, पण पुरुष कधी दिसत नसे. श्रीनाथ आणि सूनबाई अस्मिता नाताळातच या घरात राहायला आले होते. त्यांनाही काही माहीत नव्हतं.

मार्चमध्ये एका सकाळी दोघे जण आले आणि यूट घेऊन गेले. जाताना तिच्यावर साधी, तीन अक्षरं तीन आकड्यांची पाटी होती. मधुकररावांनी वेळ टिपली. दुसऱ्या दिवशी आयरीनबाईंची लहान लाल गाडी बाहेर पडली, आणि तिच्या मागे ‘नॉट नाऊ’!

मधुकररावांच्या हातातला चहा निवला. पाटी एका गाडीची, गाडी दुसरीच. इतक्या वर्षांनी, इतक्या लांब, तोच प्रकार. आणि तो पुरुष? शर्ट आहेत, माणूस नाही.

पोलिसांना सांगावं तर अर्जाचं काय होईल, ही धास्ती. न सांगावं तर पुन्हा एकदा डोळ्यांदेखत फसल्याची बोच. त्यांनी मधला मार्ग काढला, सांगायचं नाही पण टिपून ठेवायचं. पुढचे बारा दिवस ते डोळ्यांत तेल घालून खिडकीशी बसले. बाई किती वाजता गेली, किती वाजता आली, पिशव्या किती. आजूबाजूच्या गाड्याही टिपल्या. न जाणो, टोळी असायची. एकदा बाईंनी खिडकीकडे रोखून पाहिलं. मधुकररावांनी पडदा ओढला आणि तेही टिपलं.

स्वरदानं एकदा वही उघडून पाहिली. “आबा, यू कान्ट जस्ट राइट पीपल डाउन,” ती म्हणाली. त्यांनी वही काढून घेतली.

तेराव्या दिवशी दुपारी दारात पोलीस उभी. तरुण मुलगी, हसून ‘किआ ओरा’, म्हणजे इथला माओरी नमस्कार, म्हणाली. श्रीनाथ त्या दिवशी घरूनच काम करत होता, तो धावत बाहेर आला. रस्त्यावर दोन घरफोड्या झाल्या आहेत, म्हणून समोरच्या घराबाबत थोडं विचारायचंय, असं ती सांगू लागली. मधुकररावांनी पुढचं ऐकलंच नाही. त्यांना वाटलं, अखेर यंत्रणा जागी झाली. आपण तक्रार केली नव्हती, पण साक्ष द्यायला कुठे काय हरकत आहे? ते आत गेले, वही आणली आणि मोठ्या अभिमानानं तिच्या हातात ठेवली. तारखा, वेळा, नंबर, सगळं सुवाच्य अक्षरात.

पोलीसबाईनं चार पानं उलटली. मग तिनं सावकाश सांगितलं की तक्रार समोरच्या आयरीनबाईंनी केली होती. एक गृहस्थ खिडकीत बसून रस्त्यावरच्या सगळ्यांच्या जाण्यायेण्याच्या वेळा वहीत लिहितात, चोरांना खबर देत असावेत, असा त्यांचा संशय होता.

श्रीनाथच्या तोंडचं पाणी पळालं. मधुकररावांच्या डोळ्यांपुढे स्वरदाचं दप्तर आलं, आणि पुण्याच्या फ्लॅटचं कुलूप. मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांनी पाटीचं सांगितलं, यूटचं सांगितलं, मारुतीचंसुद्धा सांगितलं. पोलीसबाई ओठ दाबून हसू आवरत होती. इथे अशी पाटी घेणाऱ्याच्या मालकीची असते, ती म्हणाली. गाडी विकली तर काढून दुसरीला लावता येते. मग ती रस्ता ओलांडून गेली आणि आयरीनबाईंनाच घेऊन आली.

बाई दारातच उभ्या राहिल्या, हाताची घडी घालून. त्यांनीही मधुकररावांकडे चांगलं दहा सेकंद पाहिलं. मग विचारलं, पाटीबद्दल थेट मलाच का नाही विचारलं? नवरा, रॉस, जानेवारीत गेला, त्या म्हणाल्या. शर्ट अजून धुते, कारण कपाटात ठेवले की त्यांना कुबट वास येतो.

“पन्हळ दुरुस्त कर म्हटलं की ‘नॉट नाऊ’. जेवायला ये म्हटलं की ‘नॉट नाऊ’. साठीला मुलांनी गंमत म्हणून ती पाटी दिली,” बाई म्हणाल्या. “यूट मला चालवता येत नाही, म्हणून विकली. पाटी कशी विकू?”

मधुकररावांनी हात जोडले, सॉरी म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. बाईंनी खांदे उडवले. मीही तुम्हाला चोरच समजले होते, असं म्हणाल्या. तक्रार मागे घेते, हेही पोलिसांना सांगितलं. अर्जाला धक्का लागणार नव्हता. जाताना त्यांनी एकच मागितलं, वहीतून मला खोडा.

सगळे गेल्यावर मधुकरराव वही घेऊन खिडकीशी बसले. आयरीनबाईंची पानं त्यांनी फाडली. वही मिटता मिटता त्यांना एक दुपार आठवली. निलंबनानंतरचंच वर्ष असावं. खिडकीशी एक बाई आली होती, हातात खाकी पाकीट, त्यात गेलेल्या नवऱ्याच्या स्कूटरचे कागद. स्कूटर विकावी लागतेय, पण हाच नंबर माझ्या लुनाला मिळेल का, एवढंच ती विचारत होती. यांनी तिच्याकडे दहा सेकंद पाहिलं होतं. यात तुमचा डाव काय, असं सगळ्या रांगेदेखत विचारलं होतं. मग ते नेहमीचं वाक्य ऐकवून शिपायाकरवी तिला बाहेर काढलं होतं.

तिचंही काही सांगणं असेल, हे तेव्हा मनातही आलं नव्हतं. मधुकररावांना स्वतःची भयंकर लाज वाटली. निदान नाव तरी लिहून ठेवावं, म्हणून त्यांनी कोऱ्या पानावर पेन टेकवलं. स्वरदा शाळेतून आली, मांडीवर दप्तर टाकून गेली, तरी ते तसेच बसून होते.

बाईचं नाव काही केल्या आठवेना. स्कूटरचा नंबर मात्र अजून तोंडपाठ होता.