आईच्या खोलीतली पिल्लं

आई गेली तरी तिच्या खोलीतलं हवा शुद्ध करायचं मशीन आमच्याकडे चालूच होतं. गाझियाबादच्या थंडीत धुरकं उतरलं की तिला धाप लागायची, म्हणून ते घेतलेलं. ती गेल्यावर मी एकदा बंद केलं, तर बाबा उठले आणि पुन्हा चालू करून आले. खोलीत कुणी शिरलं, चादर झटकली, की ते एकदम घुमायला लागायचं आणि त्याचा दिवा लाल व्हायचा. कधी कधी खोली रिकामी असतानाही घुमायचं. "आली वाटतं," बाबा हॉलमधून म्हणायचे. भूतखेत मी मानत नाही. तरीही अशा वेळी माझ्या हातातला घास हातातच राहायचा.

त्यातच माझ्या लेकीने बुधवारच्या बाजारातून कोंबडीची रंगवलेली पिल्लं आणली, गुलाबी आणि हिरवी. दुष्काळात तेरावा महिना.

"मम्मी, चूज़े कितने क्यूट हैं, बघ ना यार."

"पिल्लं म्हण," बाबा म्हणाले.

आई गेल्यापासून त्यांनी कुणाची चूक काढली नव्हती, म्हणून मी तोंडावर आलेलं सगळं गिळलं. खोका कुठे ठेवायचा हेही त्यांनीच ठरवलं. "तिच्या खोलीत ठेवू. तिला सोबत होईल."

हौस नातीची, पसंती आजोबांची, आणि काम माझ्या गळ्यात. एलईडीचा दिवा नुसता उजेड देतो, ऊब देत नाही. जुना पिवळा बल्ब शोधताना नाकी नऊ आले. वर्तमानपत्रावरून पाय घसरतात म्हणून खोक्यात जुना टॉवेल अंथरला. पाण्याच्या वाटीत बुडू नयेत म्हणून तिच्यात गोट्या टाकल्या. एका पिल्लाच्या मागे शी वाळून चिकटली होती, ती कोमट पाण्यात कापूस भिजवून हळूहळू सोडवली. कापूस आईच्या कपाटातला होता. तेच कोमट पाणी, तीच खोली. मला तिथे बसवेना आणि उठवेनाही.

पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढली तर त्यांना थंडी वाजतेय, लांब पळाली तर उकडतंय, एवढं मी शिकले होते. आमची पिल्लं दोन्ही करत नव्हती. ती सगळी एकाच कोपऱ्यात पुठ्ठ्याला चिकटून कळवळून ओरडत होती. सकाळी त्या ढिगाखाली एक गुलाबी पिल्लू मेलेलं सापडलं आणि लेकीने घर डोक्यावर घेतलं. मी खोक्यावर हात धरला. मशीनचा गार झोत थेट आत येत होता.

"बाबा, हे बंद करावं लागेल. नाहीतर मी पिल्लं हॉलमध्ये नेते."

"पिल्लं इथेच राहू दे. आणि मशीनला हात लावू नकोस. तिला धाप लागेल."

मला संताप आला. "ती नाहीये, बाबा. ही आहेत."

माझं वाक्य पुरतं संपलंही नसेल, मशीन घुमायला लागलं आणि दिवा लाल झाला.

तेवढ्यात लेकीने एक हिरवं पिल्लू उचलून आजोबांच्या हातात दिलं. त्याची मान कलली होती. चोच उघडत होती, मिटत होती, आणि प्रत्येक श्वासाला अख्खं अंग हलत होतं. आईचे शेवटचे दिवस आम्ही दोघांनी असेच बघितले होते. बाबांनी ते स्वेटरच्या आत छातीशी धरलं आणि बराच वेळ खाली बघत राहिले. मग ते उठले आणि त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं.

घुमणं हळूहळू उतरत थांबलं. इतक्या महिन्यांत ती खोली मी कधी अशी शांत ऐकली नव्हती. मला भीती वाटली, आणि रडूही आलं. खोक्यात कोपऱ्यातलं एक पिल्लू बाजूला झालं, मग दुसरं, आणि बघता बघता सगळी बल्बभोवती पांगून डोळे मिटून बसली. स्वेटरमधून बारीकशी चिवचिव आली.

बाबांनी दुसऱ्या हाताने आईच्या पलंगावरची चादर सारखी केली.

"झोप आता तू," ते पलंगाकडे बघून म्हणाले. "हवा चांगली आहे आज."

खिडकीबाहेर धुरक्यात समोरचा टॉवर दिसत नव्हता.