बाकाची उजवी बाजू

पडदा वर जातो. समोर एक बुटकी खोली. दोन खिडक्या, त्यांच्याबाहेर सर्बियातल्या आमच्या पिरोत गावचा जानेवारी: छपरांवर साचलेलं बर्फ आणि वळचणीला टांगलेल्या वाळक्या लाल मिरच्यांच्या माळा. कोपऱ्यात बिडाची शेगडी, तिच्यावर कॉफीचं भांडं. मागच्या भिंतीला टेकवून उभा माग, त्यावर अर्धवट विणलेला किलीम, आमच्याकडचा लोकरी गालिचा. मागासमोर लांब लाकडी बाक आणि बाकाच्या मधोमध, प्रेक्षकांकडे पाठ करून बसलेली एक बाई. राखाडी अंबाडा, खांद्यांवर शाल. हात हलतायत, पण चेहरा दिसत नाही.

ती झागोर्का. माझी शेजारीण.

मी आयुष्यभर आमच्या गावच्या नाटकमंडळीत राजे, पाद्री आणि नवऱ्या मुलाचे बाप रंगवले. नटाने प्रेक्षकांकडे पाठ करू नये, असं आम्हाला पहिल्या दिवशी शिकवायचे, कारण चेहऱ्याला रंग लावता येतो, पाठीला नाही. झागोर्काची पाठ मी शेगडीजवळच्या खुर्चीतून रोज बघत होतो. त्या पाठीला सतत वाटत होतं, की मागून कोणीतरी हाक मारणार आहे.

घर तिच्या आईचं, पेरूनिकाचं. पेरूनिकासारखी विणकरीण आमच्या गल्लीत दुसरी नव्हती. तिचा किलीम उलटा टाका, सुलटा टाका, फरक सापडायचा नाही. शेवटचा किलीम विणता विणता ती गेली. कासवांची नक्षी होती आणि वरचं कासव मानेपर्यंत आलं होतं. माग वर्षानुवर्षं तसाच राहिला. मग गावाला पर्यटनाचं वारं लागलं. पर्यटन कचेरीतला रातोमीर आला, खोली बघितली, भिंतीवर पेरूनिकाचा फोटो लावला आणि म्हणाला, "काकू, सगळं झकास आहे. फक्त हात पाहिजेत. लोकांना हलणारे हात बघायचे असतात. तुम्ही तिच्या लेक, तुमच्याशिवाय कोण?"

झागोर्काने "मला येत नाही" म्हणायला हवं होतं. ती म्हणाली, "बघते."

तिला खरंच येत नव्हतं. बाण्याचा धागा ताण्यातून आडवा घालायचा आणि जड फणीने ठोकायचा, एवढं पोरवयात बघून बघून आलेलं. नक्षीचा एक कोपराही जमत नव्हता. मग मे महिन्यापासून ती एकच करायची. सकाळी लाल धागा घ्यायची, कासवाच्या मानेवर दोन-चार ओळी घालायची. बसमधून उतरलेले लोक "अहाहा" म्हणायचे, फोटो काढायचे आणि सॉसेज खायला जायचे. संध्याकाळी झागोर्का तो धागा उसवायची. सकाळी पुन्हा तोच.

मी दुसऱ्याच दिवशी ओळखलं. पण दुसऱ्याच्या प्रवेशात घुसायचं नाही, ही आमच्या धंद्यातली रीत. मी कॉफी प्यायचो आणि हवेबद्दल बोलायचो.

तिला जे खरोखर यायचं ते माळ्यावर टांगलेलं असायचं. बकऱ्याचं आणि मेंढीचं मांस, चरबीचा कण नाही, लसूण, तिखट. ते सॉसेज घोड्याच्या नालासारखं वाकवून वाऱ्याला टांगायचं आणि दिवसाआड काचेच्या बाटलीने लाटून चपटं करायचं. आमच्याकडे सगळेच करतात. पण झागोर्काचं सॉसेज उजेडासमोर धरलं तर पलीकडचा माणूस दिसायचा.

त्या दिवशी ती लाटत बसली होती आणि रातोमीर धापा टाकत जिना चढून आला.

"काकू, शनिवारी सरहद्दीपलीकडून, बल्गेरियातून पाहुण्या येतायत! चिप्रोव्हत्सीच्या! सगळ्या विणकरणी!"

बाटली थांबली. "विणकरणी?"

"मग काय! खास तुमचे हात बघायला. वर्तमानपत्रवाल्यालाही बोलावलंय मी."

तो गेल्यावर ती बराच वेळ एकाच सॉसेजवर बाटली फिरवत राहिली.

"शेजारी, नाटकात बोलणं आठवलं नाही तर तुम्ही काय करता?"

"शेजारच्या नटाकडे बघतो."

"आणि शेजारी कोणी नसेल तर?"

"घाम पुसतो. लोकांना वाटतं, भूमिकेतच आहे."

ती हसली नाही. "आजारी पडू का?"

"पड. रातोमीर डॉक्टर घेऊन येईल आणि तुला खाटेसकट मागापुढे ठेवेल."

"गावभर होईल हो," ती म्हणाली. "पेरूनिकाची पोरगी ढोंगी. माझं एक जाऊ द्या. नाव तिचं घेतील."

शनिवारी त्या आल्या. बूट आपटत, बर्फ झटकत, सगळ्या एकदम बोलत. त्यांची बोली आणि आमची इतकी जवळची, की भांडायलासुद्धा दुभाष्या लागत नाही. सगळ्यांत म्हातारी वेल्का, काठी टेकत, एवढीशी. इतर बायका फोटोकडे बघत होत्या, ती बाकाकडे बघत होती. बाक दोन ठिकाणी झिजलेला आहे. उजवीकडे खोलगट, डावीकडे जेमतेम.

"तुझी बाजू कुठली गं?" वेल्काने विचारलं.

"ही. हीच," झागोर्का म्हणाली. बसली होती तीच जागा.

"मधली?"

बायका हसल्या, त्यांना थट्टा वाटली. मागावर दोघी बसतात, एक उजवी, एक डावी. मध्ये कोण बसतं? वेल्का हसली नाही. उजवीकडे टेकली आणि कासवाच्या मानेवरच्या लाल धाग्यावरून बोट फिरवलं. मग झागोर्काच्या कानाशी वाकून बोलली. माझी खुर्ची जवळ होती म्हणून मला ऐकू आलं.

"हा धागा दमलाय, पोरी. किती महिने घालते-काढतेस?"

झागोर्काचे कान लाल झाले. त्या धाग्याहून लाल.

वेल्काने तो धागा हळूच ओढून काढला, बोटावर गुंडाळला आणि झागोर्काच्या एप्रनच्या खिशात टाकला. दुसरी लोकर घेतली. तिची वाकडी बोटं ताण्यात शिरली आणि इतक्या वर्षांनी पेरूनिकाचं कासव एक ओळ पुढे सरकलं. झागोर्का शेजारी हात हलवत होती, नुसतेच.

"दोन देश एका बाकावर!" रातोमीर टाळ्या वाजवत ओरडला. वर्तमानपत्रवाल्याने फोटो काढला.

आणि वेल्का सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आईचा हात आलाय हो हिच्या हातात."

तिने पांघरूण घालायला म्हटलं. झागोर्का चाबूक बसल्यासारखी आक्रसली.

जेवण मागच्या स्वयंपाकघरात होतं. पातळ कापलेलं सॉसेज, मेंढीचं चीज, गरम भाकर, राकियाचे, फळांच्या दारूचे, छोटे पेले. रातोमीर पेला घेऊन उठला. "पेरूनिकाच्या लेकीच्या हातांना!" सगळ्यांनी पेले उचलले. झागोर्का बसलीच होती. मग उभी राहिली. मला वाटलं, आभार मानेल.

"ते हात सॉसेज लाटणारे आहेत," ती म्हणाली. "मला विणता येत नाही. मे महिन्यापासून मी एकच धागा घालते आणि काढते. या म्हाताऱ्या बाईंना कळलं, त्यांनी मला झाकलं."

कोणीही पेला खाली ठेवला नाही. आता अडवलं तरी ती थांबणार नव्हती.

"मी पंधरा वर्षांची असताना आई म्हणाली, ये, डाव्या बाजूला बस. मी म्हटलं, तुझ्यासारखा भिंतीकडे तोंड करून जन्म काढायचा नाही मला. रबरी बुटांच्या कारखान्यात लागले. आई एकटीच विणायची. आधी उजवी बाजू, मग सरकून डावी, मग परत उजवीकडे. एकदा कारखान्यात मोठे पाहुणे यायचे होते, त्यांना द्यायला किलीम निवडायचा होता. साहेब आम्हा चार-पाच मुलींना घेऊन निघाले आणि आमच्याच घरी आले. आईची बोटं रंगाने निळी, अंगभर लोकरीचे तंतू. मी दारात उभी राहिले आणि बोलले नाही, की ही माझी आई. तिने माझ्याकडे बघितलं. तिला कळलं. तिने तबकात गोड आणलं, सगळ्यांना दिलं आणि माझ्यापुढे धरून म्हणाली, 'घ्या ना बाई. तुम्हीपण घ्या.' माझ्या आईने मला अहो-जाहो केलं. आणि मी घेतलं. चमचाभर जर्दाळूचा मुरंबा. घरातलाच, मीच ढवळला होता. 'आभारी आहे,' असंही म्हटलं."

शेगडीवर भांडं खदखदत होतं. रातोमीरला शांतता सहन होत नाही. आमच्या गावाच्या चिक्कूपणावर सगळा देश विनोद करतो आणि सगळ्यांत जास्त आम्हीच करतो. तो घसा खाकरून म्हणाला, "याला म्हणतात पिरोतचं बाईमाणूस! एका धाग्यात वर्ष काढलं!"

हास्याचा स्फोट झाला. चिप्रोव्हत्सीच्या बायकाही डोळे पुसत हसल्या. एकीने तर त्याच्या पाठीत गुद्दा घातला. मीही हसलो. विनोद चांगला होता आणि कोणीतरी हसायलाच हवं होतं. झागोर्का तेवढी उभी राहिली, हात एप्रनमध्ये खुपसून, मान खाली, वर्गात उभ्या केलेल्या मुलीसारखी.

वेल्काने काठीने तिच्या खुर्चीवर टकटक केलं. "हे सॉसेज तरी तूच लाटलंयस ना?"

"हो."

"मग खाली बस. आणि मला अजून वाढ."

ती बसली. वाढलं. स्वतः मात्र एक तुकडाही खाल्ला नाही.

बस गेल्यावर रातोमीर मागे राहिला. दुष्ट नाही तो, नुसता घाईतला माणूस. "काकू, झालं ते झालं. त्या त्यांच्या डोंगरापलीकडे गेल्या. वर्तमानपत्रवाल्याला मी सांभाळतो. सोमवारी बेलग्रेडची बस आहे, शहरातले लोक, त्यांना काय कळतंय? दोन ओळी घालायच्या, दोन ओळी काढायच्या."

"वेल्काची ओळ उसवू?"

"ती राहू द्या. तिच्या वर घाला."

झागोर्काने रिकामे पेले गोळा केले. तो गेल्यावर मी विचारलं, "काय करणार आहेस?"

"माहीत नाही, शेजारी. मला माझ्याच घरात शिरायची लाज वाटतेय."

सोमवारी मी लवकर जाऊन खुर्ची धरली. तसाच प्रवेश, तीच शेगडी, तोच माग. फक्त बाई मधोमध नव्हती. बाकाच्या अगदी डाव्या टोकाला बसली होती, अंग चोरून. हात मांडीवर. मागावर वेल्काच्या ओळीच्या वर काहीच नव्हतं. आणि ती मागाकडे वळलेली नव्हती, दाराकडे वळलेली होती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला त्या खोलीत तिचा चेहरा दिसला. तो बघून मला टाळी वाजवावीशी वाटली नाही. मान खाली घालावीशी वाटली.

लोक आत आले. रातोमीरने हात पसरले, "या या, ही पेरूनिकाची लेक..." आणि तिचा चेहरा बघून अडखळला. शहरातली एक तरुण मुलगी, गळ्यात लोकरी मफलर, फोन वर धरून पुढे आली.

"आजी, जरा मागाला हात लावा ना! विणताना फोटो छान येईल."

रातोमीर झागोर्काकडे बघत होता. मी बघत होतो. झागोर्काचा चेहरा गळ्यापर्यंत तांबडा झाला. तिने शेजारची, बाकाची ती खोलगट झिजलेली जागा तळहाताने पुसली आणि म्हणाली:

"मला येत नाही, बाळा. जिला येत होतं ती इथं बसायची. फोटो काढायचाच असेल तर या जागेचा काढ."